पुन्हा येणार नाहीस

“भावोजी, दार उघडं ठेवणार नाही तुम्ही,” झोइला चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली.

“नाही ठेवणार,” एलोय म्हणाला आणि तसाच उघड्या दारात उभा राहिला. हातात तार्हेलियाची शाल होती. बायको जाऊन महिना झाला होता. शाल तिच्या धाकट्या बहिणीला द्यायला तो समुद्रकाठच्या माचालाहून डोंगर चढून हिरोनला आला होता. सासऱ्याने हयातीत त्याला या घरात पाऊल टाकू दिलं नव्हतं.

“अहो, मग लावा की. थंडी येतेय.”

“तसं सांगायचं ना!”

“तेच सांगितलं. तुम्हा किनाऱ्यावरच्यांचं बोलणं म्हणजे दगड भिरकावल्यासारखं. आमच्याकडे ‘ठेवू नका’ असं तोंडावर म्हणत नाहीत. ‘ठेवणार नाही’ म्हणायचं. विनंती असते ती.”

एलोयने दार लावलं. कडीवरचा हात त्याला काढवेना.

याच दारात तार्हेलिया त्याला म्हणाली होती, “पुन्हा येणार नाहीस.” तेव्हा तो केळ्यांचा ट्रक घेऊन यायचा. ते शब्द त्याला फार लागले होते. एवढा बेभरवशाचा वाटलो हिला? पुढच्याच रविवारी त्याने भर बाजारात तिला लग्नाचं विचारलं. गावभर बोभाटा झाला. ती त्याच ट्रकमधून त्याच्याबरोबर निघाली. माचालात वर्षभरात तिकडचीच बोली बोलू लागली. बायकोला मी कसं खोटं पाडलं, हे एकेचाळीस वर्षं तो पाहुण्यांना रंगवून सांगत आला. ती मान खाली घालून भांडी आवरत राहायची.

“येऊ नकोस म्हणत होती ती मला,” तो बाकावर बसत म्हणाला. “विनवत होती. आणि मी तिला चव्हाट्यावर आणलं. दुसरी वाटच ठेवली नाही.”

झोइलाने उकडलेल्या मक्याची वाटी पुढे सरकवली. “खाल थोडं.”

त्याने वाटीला हात लावला नाही. “तुझ्यापाशी कधी रडली का गं?”

झोइलाने शाल मांडीवर घेतली, घडी नीट केली.

“त्या दिवशी दाराआड बाबा उभे होते, भावोजी. ‘माझ्यादेखत त्याला नको म्हण,’ तिला म्हणाले. तिनं आमच्या बोलीत नको म्हटलं, बाबा निश्चिंत झाले. मग आत येऊन माझ्या कानात म्हणाली, ‘किनाऱ्यावरचा आहे, त्याला उलटंच कळणार. बघ, रविवारी चिडून येतो की नाही.’”