बाजाराची भेंडी

कौस्तुभने कोवळ्या भेंडीचं टोक दातांनी तोडलं आणि सुरुचीबाईंनी बाकीच्या एकवीस मुलांना गप्प राहायची खूण केली. तो चावला. थोडा थांबला. पुन्हा चावला.

“गोड आहे,” तो म्हणाला.

त्यासरशी सगळी मुलं भेंडीच्या वाफ्यात शिरली.

तुळिंजच्या बालवाडीतली ही मुलं. डब्यात वेफर्स, नूडल्स, नाहीतर जॅम लावलेली पोळी. आया रोज गेटवर अडवून तेच सांगायच्या. बाई, हा भाजीकडे बघतसुद्धा नाही, आता तुम्हीच काहीतरी करा. सुरुचीबाईंनी भाज्यांची गाणी रचली, चित्रं रंगवून घेतली, हिरव्या डब्याचा वार ठरवला. डबे हिरवे आले आणि तसेच भरलेले परत गेले. त्यांची स्वतःची आर्या त्याच वर्गात होती. साडेचार वर्षांची, आणि सगळ्यांत हट्टी. दुधी असो, पालक असो, भेंडी असो, मिक्सरमधून काढून वरणात मिसळल्याशिवाय तिच्या पोटात जात नसे. बाई दुसऱ्यांच्या मुलांना शिकवायच्या आणि आपल्या मुलीपुढे हरायच्या.

म्हणून नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत त्यांनी ही सहल काढली होती. भाजी ताटात दिसण्याआधी मुलांना ती झाडावर दिसू दे, असं त्यांना वाटलं. भुईगावात भाजीची वाडी करणारे प्लासिड आणि रिटा चार वर्षांच्या ओळखीचे. आठवड्यातून तीनदा रिटा तुळिंजच्या बाजारात टोपली घेऊन बसायची. आर्या पहिले घास खाऊ लागली तेव्हापासून बाई भाजी तिच्याकडूनच घ्यायच्या. सहलीचं विचारलं तेव्हा रिटा लगेच म्हणाली होती, “आना की पोरांना. वाडी बघतील. जेवन मी करून ठेवते.”

आता ती लगबगीने बांधावर आली. “बाई, जेवायला बसवा त्यांना. वाढायला घेतलंय.”

“थांबा हो जरा. आयुष्यात पहिल्यांदा खातायत.”

“मग धुऊन तरी देते.”

“धुवायचं कशाला? झाडावरून तोडून खाऊ देत ना.”

रिटाने नवऱ्याकडे पाहिलं. प्लासिड विहिरीच्या पंपापाशी उभा होता. तो घसा खाकरून दोन पावलं पुढे आला. मग थांबला, मागे फिरला आणि खाली वाकून पंपाचा पाइप उगाच घट्ट करत बसला.

बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या आर्याला बघत होत्या. आर्या एका झाडापाशी उभी होती. झाड तिच्याहून जरा उंच. तिने हात वर करून भेंडी तोडली, वळवून पाहिली आणि तोंडात घातली. मग दुसरी तोडली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी गोष्ट सांगून भरवत नव्हतं. बाईंना एकदम भरून आलं.

बांधावर एकटी स्टेफी तेवढी हात पाठीमागे धरून उभी होती. प्लासिडची धाकटी, पाच वर्षांची. बाईंनी एक भेंडी तोडून तिच्यापुढे धरली.

“घे गं. तुमच्याच वाडीतली आहे.”

स्टेफीने नकारार्थी मान हलवली.

“बघा रे,” बाई हसत म्हणाल्या, “वाडीत राहते आणि भाजी खात नाही.”

मुलं हसली. स्टेफीचा चेहरा लाल झाला.

“मी सगळं खाते,” ती म्हणाली. “भेंडी पन खाते. पन ही नाय. ही बाजाराची. आमची घराच्या मागे आहे.”

“त्यात काय फरक?”

“हिच्यावर डॅडी औषध मारतात. हात लावला तरी मम्मी ओरडते.”

“स्टेफी, घरात जा,” रिटा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता.

बाईंच्या हातातली भेंडी तशीच राहिली. त्या प्लासिडकडे वळल्या.

“कधी मारलंय?”

“काल संध्याकाळी.” त्याने मान वर केली नाही. “किडकी भेंडी कोन घेतं, बाई? तुम्हीच एकेक निवडून घेता. मला वाटलं, पोरं नुसती बघून जातील.”

“आणि खायला लागली तेव्हा?”

रिटाच बोलली.

“कुठल्या तोंडानं सांगायचं? चार वर्षं हीच तर देतोय तुम्हाला.”

बाई वाफ्याकडे वळल्या. मुलं खात होती. कुणी दोन्ही हातांत भेंड्या धरल्या होत्या, कुणी खिशात भरत होतं. एकजण शेजारच्याला आपल्यातली अर्धी देत होता.

“थुंका,” त्या म्हणाल्या.

कुणाला ऐकू गेलं नाही. मग त्या ओरडल्या. “थुंका सगळं. हातातलं टाका. टाका आधी.”

मुलं जागच्या जागी थांबली. बाईंना असं ओरडताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. काहींनी घाबरून थुंकलं. काहींनी घाबरून गिळलं. कौस्तुभ रडायला लागला. सगळ्यांत आधी त्यानेच खाल्लं होतं, आणि आपलं काय चुकलं ते त्याला कळत नव्हतं.

आर्या मात्र रडली नाही. ती वाफ्यातून पळत आली, आईसमोर उभी राहिली आणि मान वर करून तिने तोंड मोठं उघडून दाखवलं. आत काहीच उरलं नव्हतं.

“आई, मी पाच खाल्ल्या.”