डेअरीवरून

मोबाइलमधली बाई म्हणाली, "डावीकडे वळा."

"खबरदार वळलात तर!" मागच्या सीटवरून केकवाली गाडी चालवणाऱ्या नवऱ्यावर ओरडली.

नवऱ्यानं कचकन ब्रेक मारला. बायकोच्या मांडीवरचं तीन मजली केकचं खोकं पुढं सरकलं. खोकं कवटाळून ती म्हणाली, "अहो, हळू! डावीकडं बाजाराचा रस्ता. नुसते खड्डे आणि गतिरोधक. मागच्या वेळी तिथंच वरचा मजला खालच्या मजल्यात जाऊन बसला. विसरलात?"

विसरतोय कसा! समारंभाच्या हॉलवाल्यानं चारचौघांत धुतलं होतं दोघांना. आजचा केक धड पोहोचला तर हॉलच्या केकची सगळी कामं तिची, नाही तर परत दारात उभं राहायचं नाही, असं तोंडावर सांगितलं होतं त्यानं.

"डेअरीवरून घ्या. लांब पडतं, पण रस्ता कसा लोण्यासारखा आहे."

"पण बाई डावीकडं म्हणतेय."

"बाईच्या मांडीवर केक आहे का?"

आता नवरा माणूस सोन्यासारखा, पण रस्ते वाटताना देवानं त्याला साफ वगळलेलं. सख्ख्या बहिणीकडं जायला निघून भलत्याच गावात चहा पिऊन आलेला गडी. मोबाइल गप्प झाला की याचे हातपाय गळायचे. म्हणजे रस्ता बदलायचा तर आधी बाईलाच वळवायला हवं.

"तिला सांगा, मधे डेअरीला थांबायचंय. आपली पोरगी नाही का टाकत तसा थांबा?"

त्यानं गाडी कडेला घेतली, चष्मा चढवला, बोट दाबून दाबून डेअरी टाकली. पडद्यावरची निळी रेघ जरा वळवळली आणि सुटली की डेअरीकडं!

"वळली! अगं, वळली बघ!"

"नाचू नका. गाडी हलतेय."

भरल्या घागरीसारखी गाडी नेली त्यानं. डेअरीच्या फाटकाशी बाई म्हणाली, "तुम्ही पोहोचला आहात." यानं इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, खाली उतरून अदबीनं मागचं दार उघडलं.

"हे काय?"

"पोहोचलो म्हणतेय ना ती."

"केक कापायला म्हशी येणार आहेत का?"

फाटकावरचा वॉचमन खो खो हसला. नवरा कानापर्यंत लाल होऊन परत स्टिअरिंगवर बसला. गाडी सुरू होते न होते तोच बाई मूळ पदावर आली. मागं फिरा म्हणाली. पुन्हा तोच बाजार.

"आता पाण्याची टाकी टाका. आणि तिथं उतरू नका, हात जोडते."

टाकी टाकली. बाई निमूट चालू लागली. टाकी दिसायला लागली, तेवढ्यात पडद्यावर पाटी आली, त्याहून जवळचा, बाजारातला रस्ता सापडलाय म्हणे. नको म्हटलं नाही तर ती आपणच तिकडं नेणार.

त्यानं आरशात पाहिलं. बायको डोळे मिटून, दोन्ही हातांनी खोकं घट्ट धरून बसलेली. या खेपेला मागून हुकूम आला नाही.

"नको!" तो मोबाइलवर खेकसला आणि 'नको'वर असं बोट मारलं की मोबाइल स्टँडसकट डुलला. "टाकीवरूनच जायचं! कळलं का तुला?"

पडद्यावरची पाटी गेली. मग बाई म्हणाली, "सरळ जा."

"हां! आता कशी आलीस!"

हॉलवाला दारातच उभा होता. गाडीत वाकून त्यानं स्वतः झाकण उचललं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, खोट काढायला अगदी नाक लावलं. वरच्या मजल्यावरचं क्रीमचं फूल पाकळीभरसुद्धा कललं नव्हतं.

"बरंय," तो म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे डोंगर. "पुढच्या समारंभाला चार मजली लागेल. जमेल का आणायला?"

केकवालीला उतरून बोलायचं होतं, पण तिची बोटंच खोक्यावरून सुटेनात. आखडून लाकूड झालेली.

नवरा गाडीच्या दाराशी गुडघ्यावर बसला आणि तिचं एकेक बोट सोडवायला लागला. सोडवता सोडवता मान वळवून हॉलवाल्याला म्हणाला, "न जमायला काय झालं? रस्ता माहीत आहे मला."