एका घराला एकच

रकाना १ : घरक्रमांक

गाड्यांच्या शोरूममधल्या सेल्समनने विचारला, नवऱ्याने तोंडपाठ सांगितला. बायको शेजारच्या खुर्चीत पर्स पोटाशी धरून बसली होती. विजेच्या गाडीवरची करमाफी आज पाचला बंद होणार होती. एका घराला ती एकदाच मिळायची. त्यांच्या घरात दोघंच, आणि घरची माफी तिने अकरा दिवसांपूर्वी गुपचूप घेऊन टाकली होती. एक छोटी गाडी. नदीपलीकडे एक खोली. एक तारखेला ती निघणार होती.

रंग नाही आवडला, ती तिसऱ्यांदा म्हणाली. नवरा हसला. भिंतींचा रंग ठरवायला हिने दोन वर्षं घेतली होती, तुम्ही चालू द्या, असं त्याने सेल्समनला सांगितलं.

रकाना २ : याआधी माफी घेतली आहे का?

सेल्समनने 'नाही' दाबलं. पडद्यावर लाल पट्टी आली.

"साहेब, तुमच्या घराची माफी तर गेलीय."

नवऱ्याने आधी कंप्युटरला शिव्या घातल्या. बावीस वर्षं दारोदार विजेचे मीटर वाचलेला माणूस तो. यंत्रं काय काय घोळ घालतात याचे त्याने दोन किस्से ऐकवले. शेवटी सेल्समनने पडदाच त्याच्याकडे वळवला.

घेणाऱ्याचं नाव झाकलेलं होतं. पत्ताही. तिने पर्सवरची पकड सैल केली.

रकाना ९ : चार्जिंगचा मीटर

नुसते दहा आकडे. सेल्समनला त्यातून काही कळण्यासारखं नव्हतं. नवरा बोट ठेवून वाचू लागला, पुटपुटत, रोज वाचायचा तसा. चौथ्या आकड्यावर बोट थांबलं. पहिल्या चार आकड्यांवरून भाग कळतो, पुढच्या दोनांवरून जोडणी केवढी ते.

त्याने मान वळवली. आधी पर्सकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

रकाना १० : रद्द करणे

आधीची माफी रद्द करता येते, सेल्समन उत्साहाने सांगत होता. कुटुंबप्रमुखाची एक सही पुरते, घेणाऱ्याला विचारावंही लागत नाही. त्या गाडीचा ताबा थांबतो आणि तुमचं काम होऊन जातं. फक्त सहा मिनिटं उरलीत. त्याने कागद सरकवला. वर पेन ठेवलं.

"अहो," ती म्हणाली.

नवऱ्याने पेनचं टोपण काढलं. नजर अजून पडद्यावरच होती.

"एका खोलीची जोडणी आहे ही," टोपण परत लावत तो म्हणाला. "गाडी चार्जिंगला लावलीस की पंखा बंद ठेवावा लागेल. त्या बाजूला फार उकडतं."