रिकाम्या हातानं

"तांबडीला देनार का गं, आये?" विजूनं तिसऱ्यांदा विचारलं.

रतनबाई सुईत दोरा ओवत होती. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून तिच्या बोटांची टोकं इतकी बधिर झाली होती, की सुई टोचली तरी तिला कळत नव्हतं. जुन्या लुगड्याचा धड राहिलेला तुकडा कापून ती लेकीला फ्रॉक शिवत होती. रविवारी चर्चमध्ये सुगीचा सण होता.

आता बाहत्तर साली कसली आलीय सुगी! शेवगावच्या त्या अंगाला पाऊस फिरकलाच नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, सण होणार, ज्याच्याकडे जे असेल ते त्यानं घेऊन यावं.

दरवर्षी तसंच चाले. कुणी बाजरीची कणसं आणी, कुणी भोपळा, कुणी कोंबडी. सगळं वेदीपुढच्या टेबलापाशी मांडायचं आणि उपासना संपली की कारभारीमामा एकेक वस्तू उचलून लिलाव पुकारायचे. लग्न होऊन या गावात आल्यापासून रतनबाई कधी रिकाम्या हातानं गेली नव्हती. नवरा वारला त्या सालीसुद्धा नाही. मागच्या वेळी तिनं तांबडी कोंबडी दिली. विजूनं रडून आकाशपाताळ एक केलं, तेव्हा लिलावात रतनबाईनंच बोली लावली आणि तांबडी परत घरी आली. देवाला दिलेलं आपल्याला परत घेता येतं, हे विजूला तेव्हा कळलं. तिला फार बरं वाटलं होतं.

"दिलीस तरी लिलावात घेशील ना परत?"

"यंदा काशानं घेऊ, पोरी?"

"मग नगंच नेऊ तिला."

"देवापुढं रिकाम्या हातानं जायचं न्हाई," रतनबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता आणि मायाही नव्हती.

नऊ वर्षांच्या विजूला या आवाजाची भीती वाटे. पूर्वी आई चिडायची, पाठीत धपाटा घालायची आणि मग जवळ घ्यायची. आता ती दोन्ही करत नव्हती. रडायलासुद्धा अंगात पाणी लागतं. त्या साली तेही आटलं होतं.

फ्रॉक घोट्यापर्यंत आला.

"ढगळ झालाय, आये."

"वाढतं अंग हाय. दोन-तीन सालं पुरंल."

त्या आठवड्यात रतनबाईनं शिकवण्याचा सपाटाच लावला. मेंढपाळाचं स्तोत्र तर पाठ हवंच होतं. नगरहून मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगच्या बाई सणाला येणार होत्या आणि चांगलं म्हणणाऱ्याला रंगीत चित्राचं कार्ड मिळणार होतं. पण जेवणाआधीची प्रार्थना, निजतानाची प्रार्थना, तीही विजूनं एकटीनं म्हणायची, आईनं सूर न धरता. वेणीसुद्धा आपली आपण घालायची.

"मी का जलमभर तुजी येनी घालनार हाय?" रतनबाई म्हणाली. "परत घाल. पुरं नाव सांग. गाव सांग. तालुका सांग."

विजूनं सांगितलं. कार्ड मिळवायला हेही लागत असेल, असं तिला वाटलं.

शनिवारी तांबडीनं अंडं घातलं. रतनबाईनं ते उकडून अख्खं विजूच्या हातावर ठेवलं. धाकटा भिमाजी टक लावून बघत होता.

"त्याला?"

"त्याला नगं. तू खा."

असं कधी झालं नव्हतं. विजूच्या मनात आलं, हे तांबडीचं शेवटचं अंडं. तिला घास उतरेना. पण भूक कुणाचं ऐकते? टरफलाला चिकटलेलंही तिनं चाटून खाल्लं.

रविवारी सकाळी रतनबाईनं कोंबडी डालग्याखाली झाकली, वर दगड ठेवला आणि निघाली.

"तांबडी?"

"राहू दे तिला. भिमाजीला अंडं लागंल."

विजूला नाचावंसं वाटलं. आईच्या कडेवर भिमाजी होता आणि दुसऱ्या हातात लहानसं गाठोडं. म्हणजे आईनं काहीतरी जमवलं होतं! वाटभर विजू स्तोत्र गुणगुणत चालली.

टेबलावर फारसं काही नव्हतं. एक सुरकुतलेला भोपळा, रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीचे ओंजळभर दाणे, दुष्काळी कामावर खायला मिळणारी, कुणीतरी आपल्या वाट्याची ठेवलेली सुकडी. विजूनं न अडखळता स्तोत्र म्हटलं. बोर्डिंगच्या बाईंनी तिला जवळ घेऊन नाव विचारलं. तिनं पुरं नाव, गाव, तालुका, सगळं सांगितलं. बाई हसल्या. कार्ड मिळालं.

मग अर्पणाची वेळ झाली. एकेक जण उठून टेबलापाशी जाऊन येऊ लागला. रतनबाईनं भिमाजीला शेजारच्या बनुबाईच्या मांडीवर ठेवलं, एका हातात गाठोडं घेतलं, दुसऱ्या हातानं विजूला धरलं आणि पुढं गेली. तिनं गाठोडं खाली ठेवलं. गाठ सैल होती. आत विजूचा जुना फ्रॉक होता आणि फणी.

"काय आणलंस, रतनबाई?" पाळकसाहेबांनी हलक्या आवाजात विचारलं.

रतनबाईनं विजूला भोपळ्याशेजारी उभं केलं. तिची वेणी पाठीवर नीट केली. मग बोर्डिंगच्या बाईंकडे वळून म्हणाली, "सलाम, बाई. समदं शिकवलंय तिला."

आणि हात सोडून जागेवर जाऊन बसली.

पाळकसाहेबांनी कसाबसा आशीर्वाद देऊन उपासना संपवली. कारभारीमामा खाकरले आणि त्यांनी लिलावाचा भोपळा उचलला.

विजू घाबरली नाही. हातात कार्ड धरून ती आईकडे बघत उभी राहिली. तिची पाळी आली की आई बोली लावणार होती.