मुळासकट

"मला बघायचंच आहे," न्हाव्याची बायको खाटेवर हटून बसली, तेव्हा सर्जनने मोबाइल पुढे केला. पडद्यावर तिच्या अंडाशयातून काढलेली गाठ होती, चिरून उघडलेली. आत केसांचा गुंता. काळाभोर, चांगला मूठभर.

न्हाव्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. अख्ख्या गल्लीची डोकी त्याच्या हाताखालून गेलेली, आणि घरातच एवढं पीक वाढत होतं याचा त्याला पत्ता नव्हता!

"अशा गाठीत केस असतात, कधी दातही," सर्जन म्हणाला. "या गाठीशी लढायला शरीराने फौज उभी केली आणि ती फौज यांच्याच रक्तावर तुटून पडली. म्हणून तर बाहेरून दिलेलं रक्तही टिकत नव्हतं."

"आणि आता?" न्हाव्याने विचारलं. गेले कित्येक महिने चढवलेली प्रत्येक पिशवी वाया जात होती, आणि दर वेळी तो आतून खचत होता.

"आता टिकतंय. ऑपरेशननंतर एकही पिशवी दिली नाही, तरी आजच्या तपासणीत रक्त वाढलंय."

बायकोने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. न्हाव्याला मात्र आनंद मानायचा धीर होईना. तो फोटोकडेच बघत राहिला.

"डॉक्टर, हे परत उगवलं तर?"

"मुळासकट काढलंय, दादा."

"पण केस आहेत हो ते!"

"यांचं काही मनावर घेऊ नका," बायको म्हणाली. "कापलेलं महिन्याभरात परत येतं, त्यावरच आमची चूल पेटते. दुसरं काही यांना ठाऊकच नाही."

सर्जनला हसू आलं. त्याने डोक्यावरची हिरवी टोपी काढली आणि मान खाली घातली.

"इथे बघा. मुळंच गेलीत. परत येतील का, तुम्हीच सांगा."

टक्कल चांगलं गुळगुळीत होतं. न्हाव्याचा अंगठा सवयीने पुढे गेला. कपाळापासून मागे, मग कानामागून वर, जागा न् जागा त्याने चाचपून पाहिली. हा निकाल गिऱ्हाइकाला सांगायला आजवर त्याची जीभ कधी रेटली नव्हती.

"नाही येणार," तो पुटपुटला, आणि त्याचे डोळे वाहायला लागले. सर्जनचं डोकं दोन्ही हातांत धरून तो अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा ओरडला, "अगं, एक केससुद्धा परत नाही येणार!"