सपान पडलं!

फौजेतून निवृत्त झालेले आकाराम शाळेची गाडी चालवायचे. एकदा साताऱ्याहून पोरांना घेऊन येताना भर दुपारी त्यांचा डोळा लागला. पोरं किंचाळली म्हणून गाडी रस्त्याकडेच्या चारीत जाता जाता वाचली. त्याच संध्याकाळी त्यांनी आपणहून चावी शाळेत नेऊन दिली. कराडच्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी केली आणि सांगितलं, “तुम्ही घोरता तेव्हा घसा मिटतो, श्वास अडतो. मग मेंदू तुम्हाला दचकवून उठवतो. असं रात्रभर चालतं. तुम्ही कित्येक वर्षं नीट झोपलेलेच नाहीत.” त्यांनी घशात हवा सोडून वाट उघडी ठेवणारं मशीन दिलं. नाकावर लावायचा मास्क बघून आकाराम भडकले, “मला बैलासारखी मुसकी बांधताय व्हय?” बायको साळूबाई म्हणाल्या, “आवं, तुमचा श्वास थांबला की माजाबी थांबतोय. परत सुरू हुईस्तवर मी तुमास्नी हलवत बसती. लावा गुमान!” त्या रात्री आकारामांनी मास्क लावला. सकाळी डोळे उघडले तर डोकं हलकं, अंगात तरतरी. ते ताडकन उठून बसले आणि मास्क काढत ओरडले, “साळू, मला सपान पडलं! किती वर्सांनी! मी पलटणीत व्हतो, समदीकडं बर्फ, आन् तू तितं चूल पेटवून भाकरी थापत व्हतीस!” ऊन उंबऱ्यात आलं होतं, तरी साळूबाई गाढ झोपल्या होत्या. आकारामांनी पुढची हाक गिळली. स्वप्न विसरू नये म्हणून मनात घोळवत, पाऊल न वाजवता ते चहा ठेवायला गेले.