डोहाळजेवणाचं माप

करिश्मा बारशाला आत्या म्हणून आली होती की मुकादम म्हणून, हेच गोदूबाईंना कळेना. पाळण्याचे फुगे बदलायला लाव, जेवणवाल्याला दटाव, फोटोवाल्याला इथून घे नि तिथून घे सांग. ठाकुर्लीचा हा हॉल घेतला सुशांतनं, मुलगी सुशांतची, आणि हुकूम चालतोय त्याच्या बहिणीचा. आणि गोदूबाई स्वतः सकाळपासून येईल त्या बाईला सांगत सुटल्या होत्या, "सुनेचा ब्लाऊज आणि बाळाचं झबलं, दोन्ही माझ्या लग्नातल्या शालूचं. माझ्या करिश्मानं शिवलंय. डोंबिवलीत बुटिक आहे तिचं." आता ते कौतुक त्यांच्याच अंगाशी येत होतं.

कारण पोर रडत होती. हॉलमागच्या खोलीत समीक्षाच्या मांडीवर, आईच्या ब्लाऊजवर तोंड घासून घासून जरीनं तिचा गाल लाल झाला होता. नाव अजून ठेवायचं होतं, भूक काही नावासाठी थांबली नव्हती. आणि ब्लाऊज उघडत नव्हता. त्याला पुढे हुक नाहीत, मागे नाहीत. बगलेखाली एक चेन, तीही अर्ध्यावर अडकलेली.

"वहिनी, श्वास आत घे ना जरा," चेन ओढत करिश्मा म्हणाली.

"ताई, श्वासाचं नाही हो. दुखतंय." समीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. डाव्या बाजूला जरीवर ओला डाग पसरत चालला होता.

गोदूबाईंना ही सून पहिल्यापासूनच फारशी पटलेली नव्हती. हिच्या चहात साखर कमी, बोलण्यात त्याहून कमी. पण गेल्या आठवड्यात हिच्या डाव्या छातीत गाठ धरली, अंगात ताप भरला, तेव्हा शेक द्यायला दुसरं कोण बसलं होतं? पोरीला पुन्हा पुन्हा त्याच बाजूला पाजून ती गाठ कशीबशी विरघळली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दूध तुंबू देऊ नका, पुन्हा गाठ होऊन पिकली तर चिरावी लागेल.

"माप कधी घेतलं होतंस?" गोदूबाईंनी विचारलं.

"डोहाळजेवणाला."

"मग त्यानंतर ही बाळंत झाली, हे तुला कुणी कळवलं नाही वाटतं?"

"आई, आठवडाभर दुकानाच्या काचेत होता हा ब्लाऊज. बाहुलीच्या अंगावर एक सुरकुती नव्हती. येणारे-जाणारे थांबून बघायचे." करिश्मानं दार किलकिलं केलं. "सुशांत, आणलंस का?"

सुशांत आत आला. हातात मेडिकलमधून आणलेला दुधाच्या पावडरचा डबा आणि बाटली. "आई, एकच बाटली. फोटो होईपर्यंत. ताई म्हणते..."

"ताई म्हणते ते ऐकलं मी. तुझी बायको काय म्हणते?"

सुशांतनं बाटली करिश्मापुढे धरली.

"एका बाटलीनं काय आभाळ कोसळणारे?" करिश्मा म्हणाली. "बाहेर माणसं खोळंबलीत, फोटोवाल्याला पुढची ऑर्डर आहे. नाव ठेवून घेऊ, मग घरी गेल्यावर सावकाश काढू हा ब्लाऊज."

"बाटलीनं पोरीचं पोट भरेल. हिच्या छातीत तुंबलंय ते कोण पिणार? फोटोवाला?"

सुशांत जसा आला तसा मागच्या मागे बाहेर गेला.

करिश्माची पर्स खुर्चीवर होती. गोदूबाईंनी तिच्यातून लाल मुठीची कात्री काढली. ही कात्री करिश्मा घरात कुणाला कागद कापायलासुद्धा देत नसे.

"आई! तुझ्या लग्नातला शालू आहे तो!"

"माझ्याच ना? मग तुला कोण विचारतंय? समीक्षा, हलू नकोस."

त्यांनी गळ्यापासून खाली कापायला घेतलं. अस्तर जाड होतं, कात्री दोनदा अडली. जरीचा एक धागा तुटेना, तो त्यांनी दातांनी तोडला. मग ब्लाऊज टरकन उघडला आणि समीक्षाच्या तोंडून असा सुस्कारा निघाला, जणू कुणी डोक्यावरचा हंडा उतरवला.

"डावीकडून आधी घे. नुसतं टोक देऊ नकोस, चांगलं तोंड भरून घेऊ दे तिला. हं. आता बस."

रडणं थांबलं. खोलीत फक्त पोरीच्या गटागटा गिळण्याचा आवाज राहिला. गोदूबाईंनी सुनेचा पदर ओढून दोघींवर घातला. समीक्षानं वर बघितलं. तिला बोलायची सवय नव्हतीच, आणि गोदूबाईंना ऐकायची घाई नव्हती.

बाहेर माइकवर कुणीतरी पुकारत होतं, "आत्याबाई कुठे आहेत? आत्याबाईंनी पाळण्यापाशी यावं."

करिश्माचं काजळ गालावर आलं होतं. "आज माझी चांगली शोभा केलीस, आई. सकाळपासून सगळ्या विचारतायत, कुठाय ब्लाऊज, दाखव ब्लाऊज. आता काय सांगू त्यांना?"

गोदूबाईंनी कात्री मिटली आणि मुठीकडून तिच्या हातात दिली.

"हात चांगला आहे तुझा, करिश्मे. यापुढे शिवशील ते त्या काचेतल्या बाहुलीलाच घाल. तिला दूध येत नाही."